बसलेल्या बाईचं चित्र

माझी आत्या एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसली. समुद्रकाठच्या संग्रहालयात चार नंबरच्या दालनात, दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला ती खुर्ची होती. काम सांगायला सोपं. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, कोणी चित्राच्या फार जवळ गेलं की "जरा मागे" म्हणायचं, पिशव्या भिंतीला घासू द्यायच्या नाहीत आणि संध्याकाळी खिडक्या लावून चाव्या खाली द्यायच्या. आतोबा बंदरावर क्रेन चालवायचे. ते म्हणायचे, "मी दिवसात अख्खं जहाज रिकामं करतो आणि दमते ही, बसून बसून!" आत्या म्हणायची, "एक दिवस बसून दाखवा, मग कळेल कंबर कुठे असते ते."

त्या दालनात अकरा चित्रं होती, पण आत्याचा जीव होता तो खुर्चीसमोरच्या मोठ्या चित्रावर. जुनं तैलचित्र. धक्क्यावर गलबतं लागलेली, बायका टोपल्या उतरवून घेतायत, आणि या सगळ्या गडबडीत एक बाई दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून कोणाकडे तरी बघतेय. कोणाकडे ते चित्रात दिसत नाही. आत्या तिला नुसतं "बसलेली" म्हणायची. मी लहानपणी विचारलं होतं, "आत्या, तुला कंटाळा नाही येत तिचा?" तर म्हणाली, "अगं, घरच्या माणसाकडे तरी आपण इतकं कुठे बघतो?"

दालनाच्या कोपऱ्यात हवेतला दमटपणा ओढून घेणारं एक यंत्र होतं. खाली बादली. खारा वारा सुरू झाला की सकाळी अकरापर्यंत ती काठोकाठ भरायची. आत्या ती मोरीत ओतून परत लावायची. हे तिच्या कामात धरलेलं नव्हतं, पण करायला दुसरं कोणी नव्हतं. एके वर्षी यंत्र घरघरलं आणि बंद पडलं. आत्याने नोंदवहीत लिहिलं, "यंत्र बंद. बादली कोरडी." साहेबांनी सही केली. आठवड्याने एक माणूस आला, झाकण उघडून बघून गेला, आणि म्हणाला की याचा सुटा भाग आता मिळत नाही. नव्या यंत्राची मागणी वर गेली, आणि वर गेली ती वरच राहिली.

त्या कोरड्या बादलीने आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पाणी हवेत आहेच ना गं," ती मला म्हणाली. "बादलीत येत नाही, म्हणजे ते दुसरीकडे कुठेतरी जातंय."

कुठे जातंय ते वर्षाच्या आत दिसलं. चित्रामागच्या भिंतीला आधी ओल आली. मग एके सकाळी तिरप्या उन्हात तिला दिसलं की बसलेल्या बाईच्या गालावर रंगाला बारीक फोड आलाय, मुगाच्या दाण्याएवढा. तिने नोंदवहीत लिहिलं. पुढच्या आठवड्यात दोन फोड. तेही लिहिलं. घरून टेबलपंखा नेऊन लावला, तर दुसऱ्या दिवशी सुरक्षावाल्यांनी तो जप्त केला, विनापरवाना विजेचं उपकरण म्हणून. चित्र उचलून समोरच्या कोरड्या भिंतीवर लावा म्हणाली, तर साहेब म्हणाले, "बाई, ती विमा उतरवलेली वस्तू आहे. अधिकृत माणसाखेरीज तिला कोणी हलवू शकत नाही."

"अधिकृत माणूस कोण?"

"डॉक्टर."

डॉक्टर म्हणजे चित्रं दुरुस्त करणारे गृहस्थ. सगळ्या संग्रहालयांत त्यांना त्याच नावाने ओळखायचे. त्या अख्ख्या किनाऱ्यावर सात संग्रहालयं आणि हा एकच माणूस. आत्याने त्यांना तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. तेव्हा तिने ठरवलं की आपणच जाऊन त्यांना गाठायचं.

इथे एक गंमत सांगायला हवी. एकोणतीस वर्षं संग्रहालयात काढून आत्याने दुसरं एकही संग्रहालय पाहिलं नव्हतं. तिची सुट्टी सोमवारी, आणि सोमवारी सगळीच संग्रहालयं बंद. म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालय बघायला हक्काची रजा घेतली, तीन दिवस. बसमध्ये तिला मळमळतं आणि बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सोबतीला मी. मी तेव्हा दवाखान्यात नर्स होते, माझीही रजा शिल्लक होती.

पहिलं संग्रहालय होड्यांचं. लोक होड्या बघत होते, आत्या भिंतींचे कोपरे. एका लांबलचक होडीवर ताडपत्री टाकली होती आणि ताडपत्रीवर छपरातून थेंब पडत होते. खुर्चीवर मोठ्या मिशांचा एक माणूस होता. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, "किती वर्षं झाली?"

"होडीला? दीडशे."

"नाही हो, तुम्हाला."

तो हसला. "बावीस. तुम्ही कुठल्या?"

"चार नंबर दालन, चित्रं. एकोणतीस."

त्याने उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. मग दोघं बराच वेळ उशी पातळ असण्याबद्दल, पायाला येणाऱ्या सुजेबद्दल आणि शाळेच्या सहलींबद्दल बोलले. शेवटी तो म्हणाला, "डॉक्टर इथे नाहीत. महिन्यापूर्वी गेले. जुन्या जकातघरात असतील." ताडपत्रीकडे बोट दाखवून म्हणाला, "आम्हालाही ‘येतो’ म्हणून गेलेत."

दुसऱ्या दिवशी जकातघर. तिथे जुने नकाशे आणि वजनं-मापं होती. नकाशांच्या काचेला आतून वाफ धरलेली. डॉक्टर तिथूनही निघाले होते. खुर्चीवरच्या बाईने पत्ता दिला आणि आत्याच्या कानात म्हणाली, "भेटले तर आमच्या नकाशांचं सांगाल का?"

तिसऱ्या दिवशी पार टोकाच्या संग्रहालयात ते सापडले. एका मागच्या खोलीत जमिनीवर मोठं चित्र आडवं ठेवलेलं, त्यावर फळी टाकलेली, आणि फळीवर पालथे पडून एक सडपातळ गृहस्थ कापसाच्या बोळ्याने काहीतरी टिपत होते. चष्मा कपाळावर चढवलेला. आत्या भांडायला म्हणून गेली होती. येताना बसमध्ये काय काय बोलायचं ते मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. पण त्या आडव्या चित्राकडे पाहिलं आणि ते सगळं ती विसरली. चित्राचा खालचा निम्मा भाग शिल्लकच नव्हता. नुसतं कापड.

"बोला," ते फळीवरून म्हणाले.

आत्याने सगळं सांगितलं. फोड, ओल, पंखा, तीन पत्रं. होड्या आणि नकाशांचंही सांगितलं. त्यांनी खाली उतरून एक वही काढली. "तुमचा नंबर अकरावा. मदतनिसाची जागा सहा वर्षं रिकामी आहे. मला एका चित्राला दोन-तीन महिने लागतात, तुम्हीच हिशेब करा."

"तोवर काय करू?"

"हवा कोरडी ठेवा."

"यंत्र बंद आहे हो."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "भिंत आणि चित्र यांच्यामध्ये चार लाकडी ठोकळे बसवायला सांगा. वारा खेळला पाहिजे मागून."

"मला हात लावू देत नाहीत. फक्त तुम्ही लावू शकता म्हणतात."

"मी लिहून देतो," ते म्हणाले, आणि दिलंही. आम्ही परत येईपर्यंत साहेबांची बदली झाली होती. नव्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, पण त्यांचंही घोडं तिथेच अडलं. चिठ्ठीवर शिक्का नव्हता. ती शिक्क्यासाठी पाठवली गेली आणि पुन्हा कधी दिसली नाही.

पहिली खपली पडली ती दुपारी, शाळेची सहल दालनात असताना. नखाएवढी, गालावरची. आत्याने मुलांना दोन्ही हात पसरून मागे सारलं, गुडघ्यांवर बसली आणि ओल्या बोटाने ती टिपून घेतली. नाहीतर संध्याकाळी झाडूत गेली असती. त्या दिवसापासून ती रोज सकाळी दालन उघडलं की आधी चित्राखालची फरशी बघायची. सापडलेली प्रत्येक खपली तिने कागदाच्या पुडीत ठेवली आणि पुडीवर लिहिलं, तारीख आणि चित्रात कुठली ते. "गाल, डावीकडून." "टोपलीची कड." "हनुवटी." पाच महिन्यांत त्रेपन्न पुड्या झाल्या. त्या ती खुर्चीखालच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. समोर बसलेल्या बाईचा चेहरा तोवर ओळखू येईनासा झाला होता. येणारे लोक थोडा वेळ थांबायचे, एकमेकांना "काय झालंय याला?" विचारायचे आणि मग आत्याकडे अशा नजरेने बघायचे जणू हे तिनेच केलंय.

वार्षिक तपासणी आली. तपासनीसांनी डबा पाहिला.

"हे काय?"

"चित्राचे तुकडे आहेत साहेब. पडलेले. सांभाळून ठेवलेत."

"म्हणजे संग्रहातल्या वस्तूचा भाग तुम्ही परस्पर ताब्यात ठेवलात?"

आत्याला लेखी खुलासा द्यावा लागला. तो मीच लिहून दिला. तिला शिक्षा वगैरे झाली नाही, समज देऊन सोडलं. पण डबा जमा करून घेतला. कारकुनाने यादी करायची म्हणून पुड्या मोजल्या, आणि त्रेपन्न नगांची नोंद करण्याऐवजी एका नगाची करावी, असं त्याला वाटलं. त्याने आत्याच्या डोळ्यांदेखत एकेक पुडी उघडली, सगळ्या खपल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत ओतल्या आणि पिशवीला लाखेचं सील लावलं. पुड्यांचे कागद टोपलीत टाकले.

"अहो, त्यावर लिहिलंय!" आत्या म्हणाली.

"नोंद घेतली आहे बाई," तो म्हणाला. त्याच्याही मनात काही वाईट नव्हतं. जेवायची वेळ झाली होती, एवढंच.

ती रद्दीची टोपली शोधायला मागच्या आवारापर्यंत गेली. ओल्या कचऱ्याखालून तिने अकरा कागद काढले. शाई विरघळली होती. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि माझ्या आईशेजारी बसून राहिली. आईने चहा ठेवला, तो निवला, दुसरा ठेवला, तोही निवला.

डॉक्टर आले ते त्यानंतर सात महिन्यांनी. नंबर वर सरकला होता, कारण मधली चार चित्रं आता दुरुस्त करण्यापलीकडे गेली होती. त्यांनी सील तोडून पिशवी प्रकाशात धरली. आतमध्ये नुसता रंगीत चुरा.

"कुठला तुकडा कुठला, हे कोणी लिहून ठेवलं होतं का?"

"होय," आत्या म्हणाली. "मी."

"मग ते कागद कुठे आहेत?"

आत्याने सांगितलं. ते स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग त्यांनी उरलेला रंग तरी गळू नये म्हणून चित्रावर पातळ कागद चिकटवला, आधी चेहऱ्यावर, मग सगळीकडे. आत्या खळीची वाटी धरून उभी होती. दोन दिवसांनी चार माणसांनी चित्र उतरवलं आणि तळघरातल्या कोठारात नेलं. त्याच आठवड्यात, पत्र नाही, सूचना नाही, नवं यंत्र आलं. कोपऱ्यात लावलं आणि छान चालू लागलं.

पुढच्या वर्षी आत्या निवृत्त झाली. मॅडमनी तिला फुलं आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. आतोबांनी तिला गच्चीत कुंड्या आणून दिल्या, ती त्यात रमली असं आम्ही सगळे म्हणायचो.

एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे जेवायला गेले असताना फोन वाजला. डॉक्टर होते. आत्याने माझ्यासाठी आवाज मोठा केला.

"बाई, मी या महिन्यात सुटतोय. तुमचं चित्र राहूनच गेलं. माझ्या जागी कोण येणार, कधी येणार, काही ठाऊक नाही. पण जो येईल त्याच्यासाठी टिपण करून ठेवतोय. तिच्या चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो आहे का तुमच्याकडे? संग्रहालयाच्या फोटोत चेहरा मसुराएवढा आलाय."

"फोटो कुठला हो," आत्या म्हणाली. "फोटो काढू नका म्हणून मीच तर सांगायचे सगळ्यांना."

"मग आठवतंय तसं सांगा. मी लिहून घेतो."

आत्या सरळ होऊन बसली. "लिहा. कपाळ रुंद. केस मागे बांधलेले, एक बट कानावर. नाकाच्या डाव्या बाजूला सावली." ती थांबली. "डाव्या म्हणजे माझ्या डाव्या. का तिच्या? थांबा हं." तिने डोळे मिटले, हात वर करून हवेतच बोटाने काहीतरी दाखवलं. "सावली खिडकीच्या बाजूला... नाही, खिडकी तर माझ्या मागे होती." तिने माझ्याकडे पाहिलं, मी सांगेन म्हणून. मला काहीच आठवत नव्हतं. मी शंभर वेळा त्या दालनात गेले असेन, पण बघायचे ते आत्याच्या डब्यातल्या बिस्किटांकडे.

"राहू द्या बाई," डॉक्टर म्हणाले. "खूप झालं एवढं."

"नाही, लिहा तुम्ही. ओठ मिटलेले. हसत नव्हती, पण..." आणि ती सांगत राहिली. हनुवटी, कान, मानेवरची शीर, काही गोष्टी दोनदा, काही आधीपेक्षा वेगळ्या. ते पलीकडे लिहीत असावेत, कारण मधूनमधून "हं" ऐकू येत होतं. अर्ध्या तासाने तिने फोन ठेवला. ताटातलं अन्न गार झालं होतं. आतोबा ते परत गरम करायला उठले.

"निम्मं चुकीचं सांगितलं गं मी," ती मला म्हणाली. "आणि कुठलं निम्मं, ते कळत नाही."