पितळी तबकडी

पप्पांना मोबाईलवरची वेळ वाचता येईनाशी झाली, तेव्हा त्यांच्याकडे खिशातलं अमेरिकन घड्याळ तेवढं उरलं. मिशनमधल्या एका पाद्रीसाहेबाने मायदेशी परतताना ते आजोबांना दिलं होतं. पप्पा रोज सकाळी त्याला चावी देत, आकड्यावर बोट ठेवत आणि वेळ सांगत. बरोबर सांगत. बाकी मला ते कधी भाऊ समजत, कधी मास्तर.

मग तबकडी काळवंडली. आकडे दिसेनात, तसे पप्पा वेळ सांगताना अडखळू लागले. बहीण आणि मी त्यांना श्रीरामपूरच्या बाजारातल्या घड्याळवाल्याकडे घेऊन गेलो.

त्याने पुढची काच उघडली. "तबकडी मिन्याची, काचेच्या लेपाची असती तर ओल्या फडक्यानं पुसून दिली असती," म्हणाला आणि भिंग माझ्या हातात दिलं. जुन्या मिन्यावर केसासारख्या भेगा दिसतात, चमक काचेसारखी असते. इथे एकही भेग नव्हती. चमक मंद होती. सेकंदकाट्याच्या छोट्या वर्तुळाशी मुलामा उडून पिवळा ठिपका दिसत होता.

"धातूची हाय. वर चांदीचा पातळ हात, त्याच्यावर शाईचे आकडे. माझं टक्कल समजा. चोळून नवं काय उगवायचं न्हाई, हाय ते जायचं."

बहीण हसली. "मग करायचं काय?"

"काय न्हाई. हात लावू नका."

पप्पा बाकावर बसून ऐकत होते. "खाली पितळ आहे का?"

"व्हय बाबा. पितळच."

नाताळच्या आधी चर्चमधलं पितळ घासायचं काम वर्षानुवर्षं पप्पांकडे होतं. दानाच्या थाळ्या, दिवे, वेदीवरचा क्रूस. चिंच आणि मीठ. दुसऱ्याला ते हात लावू देत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने मला मोरीपाशी बोलावलं. पप्पा स्टुलावर बसले होते. घड्याळाची काच उघडी, अंगठ्याला चिंचेचा कोळ. काट्यांना धक्का न लावता त्यांनी सगळी तबकडी घासली होती. ती पिवळीधमक दिसत होती.

"बघ, किती निघालं," ते बहिणीला म्हणाले.

"पप्पा, आकडे कुठे गेले?"

"मळ होता तो."

तिने त्यांचे हात धुतले. मी घड्याळवाल्याला फोन केला. या मापाची तबकडी इथे मिळत नाही, तो म्हणाला. बाहेरून मागवली तरी बसेल याची खात्री नाही. पुन्हा आकडे काढणारं कोणी त्याला माहीत नव्हतं.

घड्याळ चालू आहे. पप्पा अजून रोज चावी देतात, कानाला लावून टिकटिक ऐकतात. मग बोट तबकडीवर फिरतं, एक फेरी पुरी करतं आणि कुठेच थांबत नाही. ते माझ्याकडे बघतात.

आज मी काटे बघून म्हणालो, "सव्वासात."

पप्पांनी तबकडी जवळ धरून नीट पाहिली.

"तुम्हाला कसं कळलं, मास्तर?"