अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जुळवताना

तिघा मित्रांना एकच नाद असला की किस्से साचतातच. एक जण विसरला तर उरलेले दोघे आठवण करून देतात. शेणव्याचा जनार्दन, वाशिंदचा सुरेश आणि मी. घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जुळवणं हा आमचा नाद. किस्से हसत सांगतो, पण प्रत्येकात कुणाची तरी मान खाली गेलेली आहे.

*

जनार्दनाच्या मुलीचं बारसं होतं. दोन स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याने चार जोडले.

"लोड झेपणार नाय रे," मी म्हटलं.

"मागं पडवीतल्या बायकांना नको का ऐकायला?"

आत्याने माईक धरला, "बाळाचं नाव..." म्हणाली आणि अ‍ॅम्प्लिफायर गप्प झाला. तिने मग ओरडून सांगितलं. ओटीवर 'अन्वी' ऐकू आलं, पडवीत 'जान्हवी'. पडवीत बसलेले त्याचे सासरे अजून नातीला जान्हवी म्हणतात. जनार्दन त्यांना दुरुस्त करत नाही.

*

सुरेशच्या नव्या स्पीकरना बेसच नव्हता. "डबडी आहेत," म्हणत त्याने ते टोकावड्याच्या मेहुण्याला देऊन टाकले. दिवाळीत तिकडे गेला, तर फळीवरचे पेले थरथरत होते. त्याने वाकून मागे पाहिलं. मेहुण्याने लाल वायर लालला, काळी काळ्याला लावली होती. सुरेशने घरी एका स्पीकरला उलट्या जोडल्या होत्या, म्हणून दोन्हींचा बेस एकमेकांना खात होता.

"भावजी, एवढी चांगली वस्तू दिलीत आमाला. मन मोठं लागतं."

सुरेशने मान खाली घालून फळीवरचे पेले मागे सरकवले.

*

आता माझा. आमच्या घरी स्पीकरची पारख बाबा करायचे. मी जोडी बदलली की खुर्ची मधोमध ओढून, डोळे मिटून बसायचे. हळूहळू मान डोलायला लागायची. मग म्हणायचे, "हा आधीच्यापेक्षा गोड हाय." मी मित्रांना अभिमानाने सांगायचो, बाबांचा कान म्हणजे कान.

परवा नवी जोडी आणली. जनार्दन, सुरेश दोघेही आले होते. बाबा खुर्चीत बसले. मी भजन लावलं आणि आवाज वाढवला. स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला जड गेले असावेत, कारण दोन ओळींतच तो ट्रिप होऊन बंद पडला. घरात एकदम शांतता झाली.

मी मागची वायर काढायला वाकलो, तेवढ्यात सुरेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने बाबांकडे बोट दाखवलं.

बाबांचे डोळे मिटलेले होते. मान संथ डोलत होती. बोटं मांडीवर ताल धरत होती.

आम्ही तिघे तसेच उभे राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून हसले.

"हा आधीच्यापेक्षा गोड हाय," ते म्हणाले.