जागेवरचं घोंगडं

“वढा.”

गिऱ्हाईक दोराला हात लावायला वाकलं की तो दोराचं एक टोक त्याच्या हातात द्यायचा. दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळायचा, टाच मातीत रोवायचा आणि एवढंच म्हणायचा. भाव नाही, मालाचं कौतुक नाही. गिऱ्हाईक बिचारं लाजायचं. भर बाजारात म्हाताऱ्या माणसाशी रस्सीखेच कोण खेळणार? मग तो डोळे वटारायचा.

“वढा की. तुमचा बैल काय लाजणार हाय का?”

शिरूरच्या शनिवारच्या बाजारात माझ्या डाव्या हाताला त्याची जागा. मी घोंगड्या घेऊन बसायचो; तो दोर, दावी, कासरे घेऊन. निम्मं आयुष्य आम्ही शेजारी बसलो, पण एकमेकांच्या घरी कधी गेलो नाही. बाजारातली ओळख अशीच असते. माणसाच्या टाचेच्या भेगा पाठ असतात आणि त्याच्या दाराचा रंग माहीत नसतो. तो मला आबा म्हणायचा, मी त्याला आप्पा. बाकीचा बाजार त्याला दोरवाला म्हणायचा. इथं मीही तेच म्हणतो. नाव छापलेलं त्याला खपायचं नाही.

एकदा तालमीतला एक गडी आला. “वढा,” म्हटल्यावर त्यानं खरंच ओढलं. पहिल्याच हिसक्याला दोरवाला उडून माझ्या घोंगड्यांच्या थप्पीवर आला. सगळा बाजार हसला. मी उठवायला गेलो, तर पडल्या पडल्या त्यानं हात वर केला. मनगटाला दोर तसाच होता.

“बगा पैलवान, मी पडलो. दोर न्हाई तुटला. जाड पायजे का बारीक?”

पैलवानानं दोन्ही घेतले.

मी शाळा चौथीतच सोडून बापाबरोबर मेंढरांमागं गेलो. कवठे येमाईकडच्या माळावर आमची वस्ती. पुढं मेंढरं गेली, शेत आलं, पण माग राहिला. बायको लोकर कातायची, मी विणायचो, ती वीण ताठ बसावी म्हणून चिंचोक्याची खळ लावायची आणि शनिवारी मी बाजार गाठायचो. एवढाच आमचा धंदा. तेव्हा धंद्यावर बोलायचा मला काही अधिकार नाही. हल्ली भाकरी थापताना सून मोबाईलवर कुणाचं तरी ऐकत असते. पहाटे उठा, यश तुमच्या मागं येईल. मी पोरवयापासून पहाटे उठतोय. माझ्या मागं मेंढरं आली, दुसरं काही आलेलं मला दिसलं नाही.

दोरवाल्याचं असलं काही नव्हतं. पण त्याच्याशेजारी बसून जे कळायचं ते कळत गेलं. शेजाऱ्याच्या मालाला नाव ठेवायचं नाही. गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं तर हाक मारायची नाही. “हाक मारून आणल्यालं गिऱ्हाईक पाव्हण्यावानी वागतंय आबा. नुसतं बसतंय आन् पानी मागतंय.”

नायलॉनचे दोर आले तेव्हा मला वाटलं, हा आता रडणार. हातानं वळलेला दोर, बापजाद्याचं काम वगैरे. पुढच्याच शनिवारी गडी निळ्या-पिवळ्या नायलॉनच्या गुंडाळ्या घेऊन हजर.

मी म्हटलं, “काय हो आप्पा, तुम्ही पण?”

“मग? गिऱ्हाईक मागतंय, मी काय घायपाताच्याच दोराचं व्रत घेतलंय?”

पण वासराच्या गळ्याला नायलॉन मागितला की द्यायचा नाही. कापतो म्हणायचा. सुताचं दावं पुढं करायचा. त्याचा पहिला सवाल ठरलेला असायचा, “जनावर कोणतं?” गाय, म्हैस, शेळी, बैल. जनावर सांगितल्याशिवाय त्यानं कधी दोर कापला नाही.

एका दुपारी एक तरणा माणूस आला. चांगल्या घरचा दिसत होता, पायात मात्र दोन वेगळ्या चपला.

“जनावर कोणतं?”

“जनावर न्हाई. असाच पायजे.”

“किती जाड?”

“कसला बी चालंल.”

दोरवाल्यानं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “असाच दोर माझ्याकडं नसतो,” म्हणाला. “बसा. हे टोक धरा, मला पीळ घालायचाय.” आणि त्याला बसवलाच. उन्हं कलेपर्यंत त्या माणसाला टोक धरायला लावलं, मधून चहा पाजला, उगीच शिव्या घातल्या, “नीट धरा, सासुरवाडीला आलाय का?” म्हणून. बोलता बोलता त्याच्या मेव्हण्याचं शिरुरातलं दुकान कळलं. मी जाऊन मेव्हण्याला घेऊन आलो.

पुढं दिवाळीच्या बाजारात तो बायकोबरोबर दिसला. आम्हाला बघून त्यानं मान वळवली. मला राग आला. दोरवाला म्हणाला, “वळख दिली न्हाई त्येच बरं. इसारला असंल.”

तुम्हीही बाजारात अशी माणसं बघितली असतील. दहा वेळा त्यांच्यासमोरून जाता आणि अकराव्या वेळी कळतं, अरे, हा माणूस निराळाय. मला कळायला बायको जावी लागली.

ती गेली आणि मी माग बंद केला. सुतक फिटलं, पण मी काही शिरूरला गेलो नाही. सून म्हणायची, मामा, जाऊन या, मन रमेल. मला मन रमवायचं नव्हतं. तिनं कातलेल्या लोकरीच्या थोड्या घोंगड्या विणून झालेल्या होत्या. त्या मी पेटीवर ठेवल्या आणि कुणाला हात लावू दिला नाही. तिच्या हाताची खळ होती त्यांना. तिच्यामागं नवीन सूत कोण कातणार? धंदा संपला, असं मी धरून चाललो. दोरवाल्याचे निरोप यायचे, भाजी घेऊन जाणाऱ्या जीपवाल्याबरोबर. “आबाला म्हणावं, जागा जाईल.”

बाजारात जागा कागदावर नसते. बसतो त्याची जागा. महिना दोन महिने कुणी फिरकलं नाही की शेजारचा सरकतो आणि बाजार विसरतो. माझ्या जागेवर प्लॅस्टिकच्या बादल्यावाल्याचा डोळा होता, हे मला माहीत होतं. जाऊ दे म्हटलं. माणूसच गेलं, जागेला काय करायचंय?

मग एके दिवशी आमच्या वस्तीवरचा जीपवाला अंगणात येऊन उभा राहिला. हसू दाबत होता.

“आबा, बाजारात तुमच्या जागेच्या लोक पाया पडत्यात.”

“माझ्या?”

“जागेच्या. नारळ पण फोडला परवा कुणीतरी.”

मला वाटलं, बाजारानं मला मेलेला ठरवला. अंगाचा भडका उडाला. बायको गेली तेव्हापासून मला राग असा आलाच नव्हता. नुसतं सुन्न होतं सगळं. शनिवारी मी फेटा गुंडाळला आणि त्याच जीपमध्ये चढलो.

झालं होतं ते असं. बाजार उठला की मी माझा उरलेला माल जवळच्या एका दुकानात ठेवून यायचो. दोरवाल्यानं त्यातलं एक घोंगडं काढून चौघडी घालून माझ्या जागेवर अंथरलं. घोंगडं पायानं सारायला आपल्याकडं कुणी धजत नाही. देवाला घोंगडं लागतं, लग्नाला लागतं. तरी बादल्यावाला परगावचा, त्यानं एका शनिवारी ते उचलून बाजूला ठेवलं. म्हणून पुढच्या शनिवारी दोरवाल्यानं त्यावर चिमूटभर भंडारा टाकला. बादल्यावाला लांब झाला. पण बाजाराला येणाऱ्या बायकांनी मोकळ्या जागेवर घोंगडं आणि भंडारा बघितला. एकीनं हात जोडले. दुसरीनं विचारलं नाही, तिनंही जोडले. तिसरीनं फूल टाकलं. बघता बघता माझ्या जागेचं ठाणं झालं.

मी गेलो तेव्हा एक म्हातारी तिथं कपाळ टेकवून बसली होती.

“उठा मावशी,” मी म्हटलं. “ही माझी जागा हाय. मी जिता हाय.”

तिनं वर बघितलं आणि माझ्याच पाया पडली.

मी दोरवाल्यावर घसरलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून दोराचे पदर सोडवत राहिला. माझं बोलून संपलं तेव्हा म्हणाला, “चुकलंच माझं. मला काय ठावं, नारळ फुटतील म्हणून? बादल्यावाल्यानं भ्यावं म्हणून मी केलं, तर ह्या बायाच लागल्या पाया पडायला. दोन शनवार मी वरडतोय, आवं देव न्हाई, आमचा आबा हाय. त्या म्हणत्यात, आबा कोणता देव?”

हे ऐकून मला हसू आलं. बायको गेल्यावर पहिल्यांदा. हसतोय का रडतोय ते मलाच कळेना. त्यानं घोंगडं झटकलं, भंडारा कपाळाला लावला आणि जागा दाखवली.

“बसा आता.”

“मन लागत न्हाई आप्पा.”

“मन घरी बसून लागंल व्हय? आदी माणूस बसतंय, मागनं मन येतंय. तेला चालाय येळ लागतो.”

मी बसलो. पुढच्या शनिवारी पण गेलो, पण पेटीवरच्या घोंगड्या नेल्या नाहीत. दुकानात पडलेल्या जुन्याच विकत होतो. त्याच्या लक्षात आलं होतं. बरेच शनिवार काही बोलला नाही. मग एकदा भेळ खाता खाता म्हणाला, “वैनीनं त्या घोंगड्या ठेवायला काताय घेतल्या होत्या का हो?”

मी भेळेचा कागद चुरगाळला.

“म्हंजी तसं असंल तर ठेवा. पर बाजारासाठी केलं असंल, तर तिचं काम आर्दं ऱ्हायलंय.”

मला ते लागलं.  पण पुढच्या खेपेला घोंगड्या नेल्या. पाटसकडच्या एका उसाच्या फडावर राखणीला असलेला माणूस आला. त्यानं घोंगडं उलगडलं, गालाला लावलं आणि म्हणाला, “खळ बेस बसलीया. घरात लावता का?” मी म्हटलं, “व्हय. घरात.” त्यानं लगेच अंगावर घेतलं. तसाच पांघरून गर्दीत गेला. काळं घोंगडं लांबपर्यंत दिसत होतं. मला धास्ती होती की आतून काहीतरी तुटेल. तुटलं नाही. उलट छातीवरचा धोंडा कुणी सरकवल्यासारखं झालं. थंडीत कुणीतरी तिच्या हातचं पांघरून बसणार होतं. पेटीवर ते कुणाच्या उपयोगाचं होतं?  शेजारी दोरवाल्यानं गिऱ्हाईकाला “वढा” म्हटलं आणि स्वतःची टाच रोवली.

आता माझा माग चालू आहे. सूत आमच्या भावकीतल्या दोघीजणी कातून देतात. खळ मीच लावतो. तिच्यासारखी बसत नाही. पण घोंगड्या विकल्या जातात.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दोरवाला आला नाही. तो यायचा ती दौंडची एसटी आली, टपावर, मागं, कुठंच त्याचं गठुडं नाही. फोन लावला, नुसता वाजला. पुढच्या शनिवारीही तेच. बादल्यावाला म्हणाला, “म्हातारा गेला वाटतं.” मी त्याला अशी शिवी दिली की त्यानं बादल्या उचलून लांब मांडल्या.  एकदा असा फोन वाजत राहिलेला मी ऐकला होता. दवाखान्यातून सुनेला लावत होतो तेव्हा. कुणी उचलला नव्हता, आणि सांगायचं होतं ते हेच, की बायको गेली.

दुसऱ्या दिवशी मी दौंडची गाडी पकडली. एवढं माहीत होतं की तो लेकीकडं राहतो आणि जावई रेल्वेत आहे. कॉलनीत विचारत विचारत गेलो. “दोरवाले” म्हटल्यावर कुणाला कळेना. एका बाईनं विचारलं, “ते काळ्या चष्म्याचे बाबा का?” मला वाटलं, दुसरंच कुणी असेल.

क्वार्टरच्या अंगणात शेवग्याखाली खुर्ची टाकून तो बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात इस्त्रीचा सदरा. समोर दोर नाही, मातीत टाच नाही. मी फाटकात उभा राहिलो. 

“कोन हाय?”

“मी.”

“आबा! या, या. घोंगड्याचा वास आला मला, पर म्हटलं हितं कुठला?”

“फोन का उचलत न्हाई?” मी जवळजवळ ओरडलोच.

“मोतीबिंदू काढला. फोन लेकीनं लपवलाय. डोळ्याला ताण नगं म्हणती. मला घाबरवती की मला जपती, तेच कळंना.”

मी खाली पायरीवर बसलो. लेकीनं पाणी दिलं, मी तांब्या रिकामा केला. मग तो सांगू लागला. डोळा हे निमित्त होतं. त्याला बाजारातून उठायचंच होतं. उरलेला माल त्यानं नायलॉनवाल्या एका ओळखीच्याला देऊन टाकला होता.

“बाजारातनं माणसं कशी उठली, आपून बगितली की आबा. कुणाला खाटंवर नेला, कुणाचा निरोपच आला. मला माझ्या पायानं उठायचं होतं. उठलो.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुमी उठू दिलं असतं? माज्या जागंवर घोंगडं टाकलं असतं.”

“टाकीन की.”

“नगं बाबा. चांगला शेजारी बगा. वरडणारा नको.” मग त्यानं हळूच विचारलं, “तुमी बसणार ना पर?”

मी शेवग्याकडं बघत होतो. मी पुन्हा बाजारात बसलो म्हणून बायकोचं काम अर्धं राहिलं नाही. आता याच्याशिवाय बसायचं होतं. म्हटलं, “बसणार. माग चालू हाय.”

“मंग झालं तर.”

लेक जेवल्याशिवाय सोडेना. जेवून निघालो तसा तो स्टँडपर्यंत येतो म्हणाला. लेक रागावली, तरी आला. वाटेत धंद्याचं एक अक्षर बोललो नाही. कॉलनीतली एक बाई त्याला म्हणाली, “काय बाबा, फिरायला?” तर हा खुशीत म्हणाला, “पाव्हणं आल्यात शिरूरचं.” गाडी आली. मी चढलो, खिडकीशी बसलो.

गाडी हलली तसं मी मागं बघितलं. तो माघारी निघाला होता. खांद्यावर गठुडं नसताना हा माणूस मी रस्त्यानं चालताना पहिल्यांदाच बघत होतो. खांद्यालाही ते नवीन असावं. एक बाजू अजून खाली झुकलेली होती. हातांचं काय करावं त्याला समजेना. एकदा खिशात घातले, काढले, एकदा सदरा ओढला. शेवटी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि रिटायर झालेल्या साहेबासारखा, रस्त्याच्या मधोमध, सावकाश चालायला लागला. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यानं काही बाजूला व्हायची घाई केली नाही.