उतरू नको, अपा

डोंगरातल्या नारीन गावच्या वीज कचेरीत मीटर दुरुस्त करणारा तेमिरकान सुट्टीच्या दिवशी माणसांत नसायचा. गळ्यात कॅमेरा, शेजारी बायको चिनारा, मागे अपा, म्हणजे त्याची आई उमसुनाय. सोनकुल तलावाच्या तीन तासांच्या वाटेला त्यांना सहा तास लागत. चांगलं वळण आलं की गाडी थांबे आणि कुरणावरून ढगाची सावली सरकेपर्यंत हा गडी अर्धा तास तिथंच.

"आज डोंगर नीट हसतोय ना?" चिनारा विचारायची. "हनुवटी जरा वर करायला सांगा त्याला."

तो चिडत नसे. एखादा घोडेस्वार समोर आला तर तो दिसेनासा होईपर्यंत थांबे. माणूस आला की बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच जाते, मग डोंगराकडे कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. पण कचेरीच्या भिंतीवरचे त्याचे बारा फोटो ओळीनं पाहिले की रिकाम्या घराचं दार ठोठावल्यासारखं वाटतं, हेही खरं.

अपा मागच्या सीटवरून दार उघडू लागली की तो धावता धावता सांगे, "तू उतरू नको, अपा." तिच्या छातीला घाटातला वारा सोसत नसे. ती मुकाट्यानं दार ओढून घेई. वीस उन्हाळे असेच गेले.

यंदा वसंतात अपाला एकोणऐंशी लागलं आणि तिनं आपली पेटी उघडली. आपल्याकडची म्हातारी माणसं शेवटाची तयारी स्वतःच करून ठेवतात. कफन होतं, मयतीला येणाऱ्या बायकांना वाटायची कापडं होती, सगळं घडी घालून ठेवलेलं. फक्त थडग्याच्या दगडावर कोरायला फोटो नव्हता.

"ओळखपत्रावरचा लावू नका," ती सुनेला म्हणाली. "त्यात मी कुणाची तरी मेंढी चोरल्यासारखी दिसते. तेमिरकाननं काढलेला एखादा शोध."

चिनारानं संध्याकाळभर संगणक धुंडाळला. अकरा हजार फोटो. घाट, तलाव, बर्फ, पुन्हा तलाव. अपा एकातही नव्हती.

"डोंगर मेला तर त्याची मात्र सोय झाली," ती नवऱ्याला एवढंच म्हणाली.

तेमिरकानला ते फार लागलं. तो अपासमोर जाऊन बसला. "अपा, एवढ्या वेळा बरोबर आलीस. एकदाही म्हणाली नाहीस, माझा काढ म्हणून?"

"कशी म्हणू? तूच सांगायचास, उतरू नको."

त्याला कळेना. मग कळलं. आमच्या बोलीत गाडीतून खाली येणं आणि फोटोत येणं, दोन्हीला शब्द एकच, उतरणं. तो वाऱ्याचं म्हणत होता. ती वीस वर्षं समजत होती की पोराला आपण चित्रात नको आहोत.

"राग नाही आला?" त्यानं विचारलं.

"राग कसला रे? तुझी चित्रं देखणी असायची. त्यात माझं हे तोंड कशाला?"

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

जुलैत ते तलावाच्या वाटेवरच्या मोल्दोच्या घाटात पोचले तेव्हा वारा नेहमीसारखाच बोचरा होता. तेमिरकाननं गाडी थांबवली, मागचं दार स्वतः उघडलं आणि म्हणाला, "उतर, अपा."

"गाडीतून, की फोटोत?"

"दोन्ही."

चिनारानं आपली शाल तिच्या खांद्यांवर टाकली. अपानं पांढरा रुमाल डोक्यावर सारखा केला आणि जपून पावलं टाकत कड्याच्या बाजूला गेली. तेमिरकाननं कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत डोंगर होता, खाली नागमोडी रस्ता होता, अपा नव्हती. ती सवयीनं पार कडेला, चौकटीबाहेर जाऊन उभी राहिली होती.

"मध्ये ये ना, अपा."

ती दोन पावलं सरकली. "एवढं पुरे?"

"अजून."

"अरे, मग डोंगर झाकला जाईल."

तेमिरकानला समोरचं धूसर दिसू लागलं होतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"झाकला जाऊ दे," तो म्हणाला.