खंडेनवमीचं रॉकेट

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, अक्कावर. खंडेनवमीच्या सकाळी, बेंगळुरात, कारखान्याच्या क्वार्टर्समागच्या मैदानात, पूजा उरकून प्रसादाचे चुरमुरे वाटले जात असताना. तिनं बनवलेलं रॉकेट जागचं हललं नाही आणि सगळ्या वसाहतीसमोर सायन्स क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "मुलीच्या हाती दिलं तेव्हाच मनात आलं होतं माझ्या." मी शेजारीच उभी होते. ते वाक्य गिळायला मी तयार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या समोरच्या बंगल्यातले पुण्याचे काका. कारखान्यात मोठे साहेब. अमेरिकेतलं ट्रेनिंग संपवून बोटीनं परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक चपटा खोका होता. केरळच्या किनाऱ्यावरून तेव्हा नुकतीच खरी रॉकेटं उडू लागली होती. खोक्यात होती तसल्याच एका रॉकेटची जोडून उडवायची प्रतिकृती, सगळी मापं सारख्या प्रमाणात लहान केलेली. काकांना वेळ नव्हता, क्लबातल्या पोरांना धीर नव्हता. अक्का फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करत होती. खोका आमच्या घरी आला.

तो उघडला तेव्हा मी हसले. पुठ्ठ्याची नळी, लाकडाच्या पातळ पट्ट्या, दोरा, प्लॅस्टिकचा कागद. हे उडणार? अक्कानं एक पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. "डोळे मीट," म्हणाली. मी मिटले. हातावर काही आहे हे मला कळेना! बाल्सा म्हणतात त्या लाकडाला. झाड इतकं हलकं असू शकतं हे मला कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस जेवायच्या पाटाशेजारी रॉकेट वाळत असायचं. अक्का पट्ट्यांमधून पंख कापायची, पॉलिशपेपरनं घासायची, गालावर फिरवून बघायची, पुन्हा घासायची. नळीवर पुठ्ठ्याच्या गुंडाळीची बारीक रेघ होती, तीसुद्धा तिनं रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली. "कुणाला दिसणार आहे ती?" मी विचारलं. "हवेला," ती म्हणाली. पॅराशूट घडी घालून आत सारताना त्यावर पावडर शिंपडली, चिकटू नये म्हणून. शेवटी नळीच्या मध्याला दोरा बांधून ते अंगणात डोक्यावरून गरगर फिरवलं, तेव्हा रॉकेटनं आपोआप नाक पुढं केलं आणि तसंच धरून ठेवलं. फिरवणारी अक्का, पण कुठं बघायचं ते त्याचं त्याला ठाऊक! 

अप्पा, आमचे वडील, ओट्यावरून बघत होते. बेळगावकडचे, मशीन शॉपमध्ये फोरमन, बोलणं बेताचं. ते एवढंच म्हणाले, "सरी, ठीक झालंय. नवमीला याचीबी पूजा करूया."

खंडेनवमीला बेंगळुरात यंत्र म्हणून जे काही आहे त्याला हार चढतो. लेथ, लॉरी, सायकल, शिवणाचं मशीन. आमच्या रॉकेटलाही चढला. मैदानात लोखंडी सळईवर ते उभं होतं, पांढरं, लाल पट्ट्याचं. कोहळा फुटला, आरती झाली. मग अक्कानं हार उतरवला, इंजिनात पेटवायची तार घातली, जीपच्या बॅटरीला जोडली. इंजिनं दोनच आली होती. बोटाएवढी नळी, आत ठासलेली दारू. आकडे उलटे मोजले गेले. बटण दाबलं. फुस्स. धुराची एक रेघ, बस.

मग काकांचं ते वाक्य. त्याच्या मागोमाग दुसरं: "उरलेलं इंजिन माझ्याकडं दे. पोरं पंख काढून नीट बसवतील, मग बघू."

पंख काढणार! मी तोंड उघडणार तोच अक्कानं माझं मनगट धरलं. तिनं इंजिन बाहेर काढून त्याच्या तोंडाशी बोट फिरवलं होतं. बोट पिवळं झालं होतं. ओलं गंध. अप्पांनी प्रत्येक मशीनला लावतात तसं रॉकेटलाही लावलं होतं, आणि जाळ निघतो ते तोंड समजून नेमकं तिथंच, चांगलं दाबून. तार ओल्या गंधात तापली आणि विझली.

अक्का बोलली असती तर सुटली असती. पण नवमीच्या दिवशी, सगळ्या शॉपसमोर, बापाच्या पूजेनं बिघडलं म्हणायचं? ती गप्प उभी राहिली. पोर गप्प राहिली म्हणजे तिचं चुकलं, हा आपल्याकडचा न्याय!

अप्पांनी तिचं बोट बघितलं. दोन पावलं पुढं आले. "साहेब, ते गंध माझं. तिच्या कामात काय खोट नाही."

"अहो अप्पा, असं कसं..."

"मीच लावलो. आता तिला उडवू द्या."

काका चुळबुळले. "बरं, बरं. स्वल्प बाजूला हो, बेटा. बटण मी दाबतो, जनरल मॅनेजर बघतायत."

अक्कानं दुसरं इंजिन बसवलं, तार घातली, मागं येऊन बटणाची पेटी मांडीवर घेऊन बसली. काकांनी हात पुढं केला. ती वर न बघता म्हणाली, "काका, मागं सरका. भाजेल." आणि दाबलं.

वर्तमानपत्रातल्या फोटोवरून मला वाटायचं, रॉकेट सावकाश, डौलात वर जातं. साफ खोटं. डोळ्यांदेखत ते नाहीसं झालं. सळई उरली, धूर उरला आणि छातीत घुसणारा आवाज. मान वर जाईपर्यंत ते निळ्यात टाचणीएवढं झालं होतं, तरी चढतच होतं, सरळ, एकदम सरळ.  मग उंचावर पांढरा ठिपका फुटला. पॅराशूट! ते होसकोटेच्या रस्त्याकडं तरंगत निघालं आणि नाचणीच्या शेतात उतरलं. आम्ही दोघी साड्या खोचून धावत सुटलो. हातात घेतलं तेव्हा नळी अजून गरम होती. एकही पंख हललेला नव्हता. अक्का ते छातीशी धरून हसत होती आणि मी आभाळाकडं बघत होते. आपल्या पाटाशेजारी वाळलेली वस्तू तिथं जाऊन आली यावर माझा विश्वास बसत नव्हता. आजही पुरता बसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या फळ्यावर लिहिलं होतं: आपल्या क्लबचं रॉकेट यशस्वी. अक्का सभासद व्हायला गेली. काका गोड बोलले. म्हणाले, सभासद फक्त मुलगेच, असा नियम आहे, मुलींनी बघायला जरूर यावं. पुढचा खोका आला तो पोरांना मिळाला. नियम अजून तोच आहे.

तुमच्याही वसाहतीत असा एखादा क्लब असेल. उद्या तिथं जा. आपल्या मुलीला, बहिणीला, सुनेला बरोबर न्या, कामाच्या टेबलाशी बसवा आणि तिच्या हातात हत्यार दिलं जाईपर्यंत तिथून हलू नका.