मिठाच्या पाण्याची सुई

सैन्यात खेचरं सांभाळली, निवृत्त झाल्यावर मानेसरच्या एका प्रयोगशाळेत उंदीर. पिंजरे धुणं, दाणापाणी, वजनं. घर मात्र दिल्ली कँटजवळच ठेवलं, कारण मुलगी तिथल्या मातीच्या ट्रॅकवर धावायची. मला ती ‘उंदरांचा हवालदार’ म्हणायची.

मी घरी त्या उंदरांच्या गोष्टी सांगायचो. स्नायूला ‘आता पुरे’ म्हणणारं एक जनुक असतं. साहेब लोक सुईतून काहीतरी सोडून ते बंद पाडायचे. मग उंदीर चाकावर चढला की उतरायचाच नाही. सकाळच्या धुक्यात कंपनीच्या बसमध्ये पेंगताना मला ते चाक दिसायचं, आणि कधी कधी चाकात माझी मुलगी, जमिनीला पाय न लावता धावणारी.

प्रत्यक्षात शेवटच्या वळणावर ती ढेपाळायची. दर वेळी.

“पप्पा, तुमचे उंदीर माझ्यापेक्षा फिट आहेत यार. मला पण द्या ना ते.”

“माणसांसाठी नाही ते. नोकरी जाईल, जीव जाईल.”

“बघा, नोकरी आधी!”

दिल्लीच्या संघाची निवड आली तेव्हा ती अठराची होती. दोन दिवस जेवली नाही. आमच्या प्रयोगशाळेत रीत अशी, की फरक कळावा म्हणून अर्ध्या उंदरांना खरं औषध द्यायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. त्या पाण्याची एक बंद कुपी मी खिशात घातली. खेचरांना टोचून सरावलेला हात. त्याच हातानं तिच्या दंडाला सुई लावली.

“तेच आहे,” म्हणालो. “कुणाला बोलायचं नाही.”

निवडीच्या सकाळी वळणावरच्या धुक्यातून ती एकटीच बाहेर आली. मागे बराच वेळ कुणी नव्हतं.

आठवड्याभरात तिनं बूट माळ्यावर टाकले. “मन नाही लागत,” म्हणाली. ती स्वतःला चोर समजते आहे, हे मला कळत होतं. उंदराला कुणी काही सांगत नसतं. हिला मी ‘तेच आहे’ म्हणून सांगितलं होतं, एवढंच विसरलो होतो. आधी वाटलं, खरं बोललो तर पाय पुन्हा अडतील. नंतर नुसती लाज. सहा वर्षं गेली.

गेल्या महिन्यात मटार सोलता सोलता ती म्हणाली, “शाळेत मुलींना रनिंग शिकवायला बोलावलंय. मी नाही म्हटलं. कुठल्या तोंडानं शिकवू?”

तेव्हा सांगितलं. “ते मिठाचं पाणी होतं.”

ती सोलत राहिली. सालं वाटीत पडत होती, दाणे कचऱ्यात.

“म्हणजे त्या दिवशी मीच धावले?”

“तूच.”

“आणि तुम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं.”

मी मान डोलावली. ती उठून गेली. चार दिवस तिनं ताट आपल्या खोलीत नेलं.

पाचव्या सकाळी माळ्यावर खुडबुड झाली. जुन्या सवयीनं मी स्टॉपवॉच उचललं.

“ते ठेवा घरी,” ती दारातून म्हणाली. “यायचं तर नुसते या.”

धुक्यात ट्रॅकची पलीकडची बाजू नव्हतीच. फक्त पावलं ऐकू येत होती. वळणाशी ती मंदावली, अगदी पूर्वीसारखी. मी रिकामे हात खिशात घालून उभा राहिलो, काही ओरडलो नाही. पावलं जवळ येत होती.