स्लावकाचा उजवा गुडघा

माझ्या बहिणीच्या उजव्या गुडघ्यात दोन हंगामांत सतरा इंजेक्शनं टोचली गेली. तो गुडघा आतून फाटलाय हे टोचणाऱ्याला पहिल्या इंजेक्शनाच्या आधीपासून माहीत होतं. फक्त जिचा गुडघा होता तिला माहीत नव्हतं.

लोक मला म्हणतात, "यारेमा, आता सोड ना. झालं गेलं." मी सोडत नाही. मी आमचं गाव वेर्बिव्का ते विन्नित्सा शहर अशी मिनीबस चालवतो, दिवसातून चार खेपा, आणि जो कुणी माझ्या शेजारच्या सीटवर बसतो त्याला ही गोष्ट ऐकावी लागते. नाही ऐकायची तर मागे बसावं.

आमची आई, हान्ना, साखर कारखान्यात बीट धुवायच्या हौदावर होती. वडील आमच्या लहानपणीच गेले. आई कामावर असली की आम्ही दोघं कारखान्याच्या मागच्या पटांगणात. मी जाड आणि आळशी, म्हणून गोलकीपर. मिरोस्लावा, म्हणजे आमची स्लावका, माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि मला गोल मारणं हे तिचं रोजचं काम. वेगात ती कधीच फारशी नव्हती. पण चेंडू कुठे पडणार हे तिला इतरांच्या आधी कळायचं. गोलकडे पाठ करून उभी राहायची, पाठीवर बचाव करणारा धटिंगण रेलू द्यायची, मग उजवा पाय जमिनीत खुंटीसारखा रोवून गर्रकन वळायची आणि डाव्या पायाने ठोकायची. तिचा सगळा खेळ त्या रोवलेल्या पायावर होता. हे लक्षात ठेवा. त्या टोचणाऱ्या डॉक्टरच्याही हे लक्षात होतं.

अकराव्या वर्षी ती गावच्या मुलांच्या संघात खेळायला लागली. केस बारीक कापलेले, त्यामुळे कुणी विचारलं नाही. शेजारच्या गावाला तिने एका सामन्यात तीन गोल घातले तेव्हा मात्र त्यांनी विचारलं. गावातल्या मुलांचे खेळ श्पिल्का नावाचा माणूस बघायचा. त्याने तिला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आई कामाचे रबरी बूट न काढताच त्याच्या ऑफिसात गेली. मी दाराशी उभा होतो.

"श्पिल्कासाहेब, पोरीने गुन्हा काय केला?"

"गुन्हा कसला, हान्नाबाई? पण मैदान म्हणजे काही स्वयंपाकघर नाही."

"स्वयंपाकघरात तुम्ही कधी पाऊल टाकलंय का? मग तुम्हाला फरक कसा कळला?"

तो हसला. आईला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर भांडता आलं असतं.

मग चार वर्षं स्लावकाने कारखान्याच्या भिंतीला गोल मारले. पंधराव्या वर्षी मोठ्या शहरातल्या मुलींच्या क्रीडाशाळेत तिची निवड झाली, एकोणिसाव्या वर्षी पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये आली आणि तेविसाव्या वर्षी पोलंडच्या एका क्लबने तिला स्ट्रायकर म्हणून करार दिला. क्लबचं नाव मी घेत नाही. त्यांना फुकटची प्रसिद्धी नको.

सीमेवर पोलंडच्या शिपायाने पासपोर्ट उलटापालटा करत विचारलं, "स्ट्रॉबेरी तोडायला?"

"गोल करायला," स्लावका म्हणाली.

"कसले गोल?"

"तुमच्याकडे जे कमी पडतायत ते."

त्याने तिला दीड तास उभं ठेवलं. ती फोनवर हे सांगताना हसत होती, पण मला हसू आलं नाही. आमच्याकडचा माणूस तिकडे गेला की तो एकतर वाकून काहीतरी तोडणार किंवा वाकून काहीतरी पुसणार, असं त्यांनी ठरवून टाकलंय. ताठ उभा राहिला की त्यांना संशय येतो.

पण ती ताठ उभी राहिली. पहिल्या वर्षी अकरा गोल, दुसऱ्या वर्षी सोळा. भाषा शिकली, शिव्यांसकट. सामने संपल्यावर लहान मुली कुंपणाशी तिच्या सहीसाठी थांबायच्या. आई त्यांच्या वर्तमानपत्रातली कात्रणं कुणाकुणाकडून वाचून घ्यायची आणि ऐकून झाल्यावर म्हणायची, "बरं, पण पोटभर जेवते का, ते लिहिलंय का त्यात?"

पाचव्या वर्षी, ऑक्टोबरात, ओल्या मैदानावर ती अशीच वळली. वळताना तिचं अंग फिरलं, पण पाय चिखलात तसाच रुतून राहिला. क्लबच्या डॉक्टरने शहरात नेऊन गुडघ्याचा स्कॅन काढला आणि सांगितलं, "सूज आहे. पंधरा दिवस विश्रांती." पंधरा दिवसांनी दुखणं तसंच होतं. मग सामन्याआधी इंजेक्शन. दुखायचं थांबायचं, ती खेळायची, गोल मारायची, आणि दुसऱ्या दिवशी जिना बसून बसून उतरायची.

"अगं, किती टोचून घेणार आहेस?" मी फोनवर विचारलं.

"तो डॉक्टर आहे, यार्को. तू बस चालवतोस."

घरी मला यार्को म्हणतात. मी फोन ठेवला आणि खेपेला निघालो. तो राग माझा माझ्यावर आहे, तो वेगळा.

दोन हंगाम असे गेले. त्यातल्या दुसऱ्या हंगामात तिने वीस गोल मारले, सगळ्यांत जास्त. शेवटचा एक सामना राहिला होता, जिंकला की विजेतेपद. त्या आठवड्यात क्लबमध्ये हानिया नावाची नवी मुलगी कामाला आली होती, खेळाडूंचे पाय चोळायला, व्यायाम करून घ्यायला. स्लावकाचा गुडघा हातात घेतला आणि ती थबकली. ऑफिसातून किल्ली आणून तिने कपाट उघडलं आणि फाइल शोधली. दार लावून घेतलं आणि कागद स्लावकाच्या मांडीवर ठेवला.

"हे तुला कुणी दाखवलं नाही?"

तारीख दीड वर्षापूर्वीच्या ऑक्टोबरची. लिगामेंट तुटलेलं, कूर्चा फाटलेली. खाली स्पष्ट वाक्य: खेळ ताबडतोब थांबवावा, शस्त्रक्रिया करावी. त्याखाली क्लबच्या डॉक्टरची सही, वाचल्याची.

पुढचं मी स्लावकाकडून तीनदा वदवून घेतलंय, त्यामुळे शब्द न् शब्द सांगतो.

सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत सगळा संघ बसलेला. डॉक्टर नेहमीसारखा ट्रे घेऊन आला. स्लावकाने पाय पुढे केला नाही. कागद पुढे केला.

"हे मोठ्याने वाचा."

"आत्ता? स्लावका, सामन्यानंतर बोलू आपण."

"आत्ता. यांच्यासमोर. दोन ओळी आहेत. इंजेक्शनपेक्षा कमी वेळ लागेल."

त्याने ट्रे खाली ठेवला, पण कागद घेतला नाही. मग संघाची कर्णधार बोझेना उठली, सहा वर्षं स्लावकाला पास देणारी, तिच्याबरोबर नाताळाला आमच्या घरी येऊन वरेनिकी, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्या, खाऊन गेलेली. तिने कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. तेवढ्यात क्लबचा मॅनेजर आत आला. त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले, कागद पाहिला, आणि म्हणाला, "वीस गोल मारलेस की नाहीस? मग तक्रार कशाची?"

स्लावका म्हणते, त्याचा तिला एवढा राग आला नाही. तो तसाच माणूस होता. राग आला तो पुढच्या वाक्याचा. बोझेनाने कागदाची नीट घडी केली, तिच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "फार वाईट झालं गं. पण आज शेवटचाच सामना आहे. एवढा एक खेळशील?"

स्लावकाने बूट काढून बाकाखाली ठेवले. बाकी अकराजणी मैदानावर गेल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. हानिया तेवढी तिच्याजवळ बसली, तर हानियालाच दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. आणि सामना? जिंकले की. स्लावकाशिवाय, एक शून्य. पदक त्यांनी नंतर पोस्टाने पाठवलं. पोस्टमनने सही मागितली तेव्हा स्लावका म्हणाली, "मी त्यांच्याकडे एकदा सही करून चुकलेय," आणि पाकीट परत पाठवलं.

कारण सहीचीच तर गोष्ट होती. तिने तक्रार केली, वकील पाहिला. सात महिन्यांनी उत्तर आलं: कराराच्या नवव्या पानावर खेळाडूने स्वतःच्या प्रकृतीची जोखीम स्वीकारलेली आहे, तपासणीचा अहवाल खेळाडूच्या फाइलमध्ये उपलब्ध होता, प्रकरण बंद. उपलब्ध होता! कुलूपबंद कपाटात! तो डॉक्टर अजून तिथेच आहे. अजून ट्रे घेऊन फिरतो.

मी तिला आणायला माझीच मिनीबस घेऊन गेलो होतो. सात वर्षांचं सामान दोन पिशव्यांत मावलं. विन्नित्साच्या सर्जनने गुडघा उघडला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "चालेल. पण धावणं विसरा." आणि वर: "दोन वर्षं आधी आणलं असतं तर..." मी त्याला म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे वाक्य पुरं करू नका. त्याने केलं नाही. भला माणूस.

तेव्हा ती तीस वर्षांची होती.

उन्हाळ्यात गावचा वाढदिवस असतो. चौकात मांडव, बँड, सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा खच. गावच्या क्रीडा समितीचा अध्यक्ष कोण? श्पिल्का. केस पांढरे झालेले, हसणं तेच. त्याने स्लावकाला मंचावर बोलावलं. तिथे तिचा हातभर मोठा फोटो लावलेला. माईकवर म्हणाला, "ह्या मातीने, ह्या मैदानाने घडवलेली आपली लेक!" आणि गुलाबांचा गुच्छ पुढे केला.

आईने माझं मनगट धरलं. मी उठेन अशी तिला भीती होती. पण उठायची वेळच आली नाही.

स्लावकाने गुच्छ घेतला नाही, माईक घेतला. "श्पिल्कासाहेब, तुमच्या मैदानाने मला नाही घडवलं. तुम्ही मला अकराव्या वर्षी तिथून हाकललंत. मला कारखान्याच्या भिंतीने घडवलं. फोटो लावायचा तर तिथे लावा. आणि आज त्या मैदानावर किती मुली खेळतात ते सांगा लोकांना."

बँडवाल्यांनी घाईघाईने काहीतरी वाजवायला सुरुवात केली. खाली अर्धे लोक टाळ्या वाजवत होते, अर्धे पुटपुटत होते: बाहेरदेशी राहून आली, मस्ती आली. आमचीच शेजारीण म्हणाली, "एवढा मान दिला, घ्यायला काय झालं होतं?" आई तिच्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "तू घे. जा, मंच मोकळा आहे."

पुढच्या आठवड्यात सात मुली आमच्या दारात उभ्या. सगळ्यांत धाकटी नऊ वर्षांची. स्लावकाने मैदानासाठी अर्ज केला. श्पिल्काचं उत्तर: मैदान भरलेलं आहे. काय भरलेलं? शनिवारी सकाळी पन्नाशीचे बाप्ये तिथे पोटं हलवत चेंडूमागे चालतात, आणि नंतर कुंपणाशी बसून खारवलेली चरबी आणि कांदा खातात. बाकी आठवडाभर तिथे बकरी चरते.

शनिवारी स्लावका सातही मुलींना घेऊन गेली. सामना चालू होता. ती लंगडत लंगडत सरळ गोलपर्यंत गेली आणि गोलच्या रेषेवर मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब करून बसली. मुली तिच्या दोन्ही बाजूंना.

"ए बाई, उठ! खेळ चालू आहे!" गोलकीपर ओरडला. तो आमचा दूधवाला.

"खेळा की. मारा गोल. एवढ्या वर्षांत एक तरी गेला का आत?"

"पोलीस बोलावू का?"

"बोलाव. तुझी मुलगी ही बघ इथे बसलीय, तिलाही घेऊन जायला सांग."

दूधवाल्याने पाहिलं. खरंच त्याची मुलगी होती, पलीकडच्या खांबाला टेकून, मान ताठ. त्याने हातमोजे काढले, मुलीच्या मांडीवर टाकले आणि बाकीच्यांना म्हणाला, "चला रे, कांदा चिरायला घ्या." श्पिल्का कुंपणाशी लाल होऊन ओरडत राहिला. पण पुढल्या शनिवारी त्याच्या संघाला गोलकीपरच नव्हता, आणि त्याच्या पुढल्याला सातजणच आले. महिन्याभरात कागद आला: मुलींना मंगळवार आणि शनिवार.

लोकांना वाटतं, आता ती निवळली असेल. कसली निवळतेय! परवा मुलींचा पहिलाच बाहेरगावचा सामना होता. मी घेऊन गेलो. तिकडचा एकजण कुंपणावरून ओरडला, "पोरींनो, घरी जाऊन बटाटे सोला!" रेफरी हसला. स्लावका त्या रेफरीला जे बोलली ते मी बसमध्ये बायका असताना सांगत नाही. त्याने तिला मैदानाबाहेर काढलं, थेट रस्त्यापर्यंत. मग ती बसच्या पायरीवर बसली, तिथून अर्धंच मैदान दिसायचं, आणि मला पळवायला लागली.

"यार्को, जा, सांग पोरींना, उजवीकडची मोकळी आहे!"

मी धावत जाऊन सांगायचो आणि धापा टाकत परत यायचो.

"आता पुढे खेळणारीला सांग, गोलकडे पाठ करून उभी राहू नको म्हणावं, कुणी रेलत असेल तर सरळ बाजूला हो!"

"अगं, मला हार्टअटॅक येईल."

"आधी निरोप सांग, मग येऊ दे."

तीन-दोनने हरलो. परतताना ती रेफरीवर चिडली, तिसरा गोल खाल्ला म्हणून गोलकीपर झालेल्या दूधवाल्याच्या मुलीवर चिडली, मी निरोप उशिरा पोहोचवला म्हणून माझ्यावर चिडली. मागे मुली ब्रेड खात आपसांत भांडत होत्या की दुसरा गोल नक्की कुणाचा. स्लावका मागे वळून ओरडली, "दोघींचाही नव्हता तो, त्यांच्याच पोरीच्या पायाला लागून गेला!" आणि मग भांडण आणखीच वाढलं.